देवाचे फूल आणि शेजारचा मोगरा



गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना भगवंतांनी ऋतूंमध्ये आपण वसंत असल्याचे म्हटले आहे. आमच्या माळव्यात पळस होळीच्या सुमारास पेटतो. अंगणातील मोगरा मात्र चैत्राची वाट पाहतो. इंदुरातील कित्येक वाडे जाऊन तेथे सदनिका उभ्या राहिल्या, तरी गच्चीवरील कुंडीत तो असतोच. या दिवसांत पहाटे परडी घेऊन निघणारी मंडळीही वाढतात. त्या परडीविषयी दोन शब्द निवेदन करावयाचे आहेत, आणि तेही अधिकाराने नव्हे, अपराधी म्हणून.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या आजींचा मोगरा भिंतीवरून आमच्या बाजूस झुकला होता. चैत्रातील एका पहाटे आम्ही त्याची सारी फुले खुडली आणि देवघरात अशी काही पूजा बांधली, की स्वतःच क्षणभर पाहत राहिलो. सायंकाळी आमच्या घरची मंडळी आजींकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास गेली. कैरीची डाळ होती, पन्हे होते, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली गेली. परंतु झोपाळ्यावरील गौरीपुढे तुळशीच्या मंजिऱ्या तेवढ्या होत्या. आजींनी माघात तो मोगरा छाटला होता. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटव्यावर. म्हणून खत, माती, पाणी सारे त्या एका दिवसासाठी चालले होते.

आम्ही ओशाळून गेलो, तर आजी म्हणाल्या, “फुलं देवालाच गेली ना? मग झालं.”

त्यांचे झाले, आमचे होईना. मनाच्या समाधानासाठी आम्ही शास्त्राकडे वळलो. गौतमधर्मसूत्रात गाईसाठी गवत, अग्नीसाठी लाकूड आणि वेलीझाडांची फुले आपलीच समजून घेण्याची मुभा आहे. कुंपणाची अट तेथे फळांना घातलेली दिसते, हेही आम्ही सोयीने हेरले! अपराधी मनुष्याला शास्त्र किती लवकर सापडते, याचा तो अनुभव होता. परंतु गीतेचा नववा अध्याय पुन्हा उघडला आणि तो आधार गळून पडला. पान, फूल, फळ, पाणी यांची थोरवी तेथे सांगितलेलीच नाही. ती आहे अर्पण करणाऱ्याच्या भक्तीची. त्या मोगऱ्यातील भक्ती माघापासून आजींची होती. आमची होती ती केवळ बोटे.

अरणच्या संत सावता माळ्यांना विठ्ठल आपल्या मळ्यातच भेटला, हे आपण सारे जाणतो. मळा म्हणजे खुरपणे आले, पाणी देणे आले, किडीशी झगडणे आले. त्यांची पूजा तेथूनच सुरू होत असे. आपण मात्र ती फूल तोडण्यापासून सुरू करतो, आणि तेही पुष्कळदा दुसऱ्याच्या झाडावरून. मुलाने फुलाला हात लावला तर ‘देवाचे आहे’ म्हणून दटावणारे आपणच! फांदीवर असताना ते कोणाचे असते?

पुढे पावसाळ्यात आजींनी त्याच मोगऱ्याची फांदी मातीत दाबून आम्हांस कलम करून दिले. पहिल्या चैत्रात त्यावर सात कळ्या आल्या. दोन फुले देवघरात गेली, दोन गौरीसाठी आजींकडे पाठविली. उरलेली तीन झाडावरच ठेवली. सायंकाळी ती उमलली तेव्हा आजी भिंतीपलीकडून विचारीत होत्या, “आज वास कुणाकडचा येतोय?”