कार्डाची आतली बाजू

डिसेंबर लागला की मी संक्रांतीची शुभेच्छापत्रं करायला बसते. लहानपणी आमच्याकडे पोस्टानं अशी कार्डं यायची, आत कागदाच्या चिमुकल्या पुडीत चार दाणे काटेरी हलवा. हातात पडेपर्यंत त्याचा बहुधा चुरा झालेला असायचा, पण गोडी तीच. आता शुभेच्छा फोनवर येतात. मी मात्र खजूरी बाजारातून जाड कागद आणते आणि स्नेहलतागंजातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर पसारा मांडते. यंदा भाचीनं एम्बॉसिंग शिकवलं.

कृती अवघड नाही. हळू वाळणाऱ्या चिकट शाईनं ठसा उमटवायचा. ती ओली आहे तोवरच वर एम्बॉसिंगची पावडर भुरभुरायची. कागद तिरपा करून झटकायचा, उरलेली पावडर परत बाटलीत. मग हीट गनची गरम हवा द्यायची. केस वाळवायच्या ड्रायरनं भागत नाही. पावडर वितळण्याआधीच उडून जाते. नीट ऊब लागली की मात्र बघता बघता रेघ वितळते, वर येते, चकाकते. हात थांबायला उशीर झाला तर नक्षी बसते आणि कागद वाकतो.

खोडरबर कोरून मी सुगडाचा ठसा केला. अकरा कार्डं भराभर झाली. बारावं सांगलीच्या मोठ्या जाऊबाईंचं. ते काही केल्या मनासारखं होईना. सोनेरी केलं, मग तांबूस केलं, मग पुन्हा सोनेरी. तिसरं भाचीनं उचललं, उघडलं आणि म्हणाली, "आत्या, आत काहीच नाही लिहिलंस?"

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पाटल्यांवरून बोलणं निघालं, आणि चार माणसांत मी जाऊबाईंना म्हणाले, "सेवेला नव्हतात, वाटणीला बऱ्या आलात." त्यांना त्या वर्षी घर सोडून येणं का जमलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून बोलले. त्यानंतर दर भाद्रपदात मी घरच्या ग्रुपवर 'उत्तम क्षमा' लिहिते. त्याही हात जोडल्याचं चित्र टाकतात. झालं!

सर्व जीवांची क्षमा मागणं मला सोपं जातं, कारण त्यात कुणाचंच नाव नसतं. एकीचं नाव घेऊन मागायची म्हटली की हात सोनेरी पावडरीकडे वळतो.

म्हणजे सजावट खोटी का? तसंही नाही. आपल्याकडे विज्ञप्तिपत्रांची परंपरा आहे. आग्र्याच्या श्रावकांनी १६१० साली आचार्य विजयसेनसूरींना पाठवलेलं पत्र उस्ताद शालिवाहनानं रंगवलं होतं. त्यात जहांगीराचा दरबारही आहे. अशा पत्रांत गुरूंना चातुर्मासाला येण्याची विनंती असे, झाल्या-गेल्याची क्षमाही मागितलेली असे. चित्रं कितीही देखणी असली तरी खाली मजकूर असायचा, आणि तो कुणाला आहे हे लिहिलेलं असायचं. माझ्या कार्डात नेमकं तेवढंच नव्हतं. मी तीन वेळा ठसा तापवला तो कार्डासाठी नव्हे, पेन उचलावं लागू नये म्हणून.

त्या रात्री साध्या बॉलपेननं लिहिलं: "वहिनी, त्या दिवशी मी जे बोलले ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. मला क्षमा करा." पाटल्यांचं स्पष्टीकरण दोन ओळी लिहून झालं होतं, तो कागद फाडला. नव्या कार्डावर एवढंच उतरवलं. त्यावरचं सुगड थोडं वाकडं आलं, तसंच राहू दिलं.

संक्रांत झाली. सांगलीहून अजून काही आलेलं नाही. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, असं मी मनाशी म्हणते. मग माझं मलाच हसू येतं. चूक माझी होती, हे खरं ठरायला त्यांचं उत्तर थोडंच यायला हवं?