धाब्याचा कठडा

जे मूल पायांनी अधू आहे त्याला घरात एका जागी बसवून ठेवणे ही माया की भीती? हा प्रश्न आम्ही आपल्या मंडळ्यांतील आईबापांपुढे नम्रपणे ठेवतो.

मफीबोशेथ पाच वर्षांचा असता त्याचा जीव वाचविण्यासाठी दाईने त्याला उचलले व ती पळाली. त्या घाईतच तो पडून अधू झाला (२ शमुवेल ४:४). तेव्हा उचलून नेणे म्हणजेच सुरक्षितता नव्हे. शिवाय मूल वाढत जाते आणि आईची कंबर थकत जाते.

नियमशास्त्र सांगते की, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येतो (अनुवाद २२:८). धाब्यावर कोणी चढूच नये, असा हुकूम तेथे नाही. जबाबदारी घरधन्याची.

हाच न्याय आपण लावावा. उंबरठा ४ इंच उंच असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी निदान ४ फूट लांब उतरण करावी. १ इंचाला १२ इंच हे प्रमाण. मोरीत व संडासात भिंतीला पक्का दांडा बसवावा, फरशी कोरडी ठेवावी, सरकणारी सतरंजी वाटेतून काढावी. आणि उचलण्यापूर्वी मुलाला विचारावे. तेही देवाच्या प्रतिरूपाचे आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मंदिराच्या पायऱ्याही एकदा मोजून पाहाव्यात.

एवढे करूनही मूल कधी पडेल. तरी त्याला आपले आपण जेवायला येऊ द्यावे. दावीदाने मफीबोशेथाला आपल्या मेजावर कायमची जागा दिली (२ शमुवेल ९). मेजापर्यंतची वाट मोकळी करणे हे तुमचे आमचे काम आहे.