उपचार आणि नकार

गुरुवारी सकाळी वर्तकनगरच्या साईमंदिराकडे माणसांची रीघ लागलेली असते, आणि त्या रिघेच्या उलट दिशेने, पट्टा हाती धरून, मी आमच्या चिंगीला घेऊन चाललेला असतो. म्हणजे एकाच वस्तीत, हाकेच्या अंतरावर, एकाच सुमारास दोन स्नानांची सिद्धता चाललेली असते. मंदिरात मूर्तीला उदक घालावयाचे, अंग पुसावयाचे, वस्त्र नेसवावयाचे, गंध लावावयाचे. आणि पिठाची गिरणी व झेरॉक्सचे दुकान यांच्यामधल्या चिंचोळ्या गाळ्यात, जिथे 'पेट ग्रूमिंग' अशी पाटी लागली आहे, तिथे चिंगीला कोमट पाण्याखाली उभे करावयाचे, पंच्याने टिपावयाचे, ड्रायरच्या झोतात वाळवावयाचे, आणि शेवटी गळ्यात एक रंगीत रुमाल बांधून व अंगावर सुगंधाचा फवारा मारून तिला माझ्या स्वाधीन करावयाचे. षोडशोपचारांपैकी स्नान, वस्त्र आणि गंध हे तीन उपचार तर उघडच झाले. घरी गेल्यावर नैवेद्यही होतो. या साम्याचे प्रथम मला हसू येई. पुढे पुढे मात्र त्यातून एक प्रश्न उभा राहिला आणि तो काही केल्या मला सोडीना. प्रश्न असा की, हे उपचार नेमके कोणासाठी चालतात?

मूर्तीच्या बाबतीत आपल्या परंपरेने याचा निवाडा केव्हाच करून ठेवला आहे. देवाला स्नानाची गरज नाही, ती भक्ताला आहे. पूजेचे फळ पूजकाच्याच खाती जमा व्हावयाचे, हे कोणीही कीर्तनकार सांगेल. त्यात गैर काहीच नाही, कारण पाषाणाच्या अंगावर कढत पाणी पडले तरी पाषाण कळवळत नाही आणि गंध उग्र झाले तरी त्याला शिंक येत नाही. परंतु तीच पूजकाची वृत्ती जेव्हा एखाद्या सजीवाकडे वळते, ज्याला कातडी आहे, भय आहे आणि माणसाच्या कैक पटींनी तीक्ष्ण असे घ्राणेंद्रिय आहे, तेव्हा जमाखर्चाचा हा जुना रिवाज तसाच चालू ठेवता येईल काय? हौस आमची आणि अंग तिचे, अशी तफावत जिथे पडते, तिथे धर्माचा प्रश्न उत्पन्न होतो.

कुत्र्याविषयी आपल्या धर्माची कैफियत मोठी दुहेरी आहे. आमची आई कुत्र्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. त्याचा स्पर्श झाला तर ती स्नान करी. पण पितृपक्षात गाय, कावळा, मुंगी यांच्याबरोबर कुत्र्याचाही वाटा काढल्यावाचून तिने कधी पान वाढले नाही. एकनाथांनी ज्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, त्यात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत कबुतर आहे, अजगर आहे, पतंग, भुंगा, हत्ती, हरीण, मासा, कोळी, सारे आहेत, पण कुत्रा नाही. आणि तोच अवधूत, लोकांनी ज्याला दत्तात्रेय मानले, तो घरोघरच्या तसबिरीत उभा राहतो तेव्हा त्याच्या पायाशी मात्र चार कुत्रे असतात, व त्यांना चार वेद म्हणण्याची चाल आहे. म्हणजे पंडितांच्या यादीत ज्याचे नाव लागले नाही, त्याला तसबीर काढणाऱ्यांनी वेदांची जागा देऊन टाकली. या दोन टोकांच्या मध्ये, विटाळ आणि वेद यांच्या मध्ये, साधा खराखुरा कुत्रा, ज्याच्या कानात मळ साठतो, नखे वाढतात आणि पावसाळ्यात ज्याला गोचिडी लागतात, तो मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला.

तो दुर्लक्षित राहिला नाही असा एक ग्रंथ आहे, आणि तो साधासुधा ग्रंथ नव्हे. महाभारताच्या कथेची सुरुवात कुत्र्याच्या एका फिर्यादीने होते, ही गोष्ट वाचकांच्या सहसा ध्यानात राहत नाही. जनमेजयाच्या सत्रात एक पिल्लू येते. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे, जाते. आई विचारते, तू काही अपराध केला असशील. पिल्लू सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही की त्याला जीभ लावली नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन भर सभेत जाब विचारते की, माझ्या निरपराध लेकराला का मारले? ते काहीएक उत्तर देत नाहीत, आणि ती त्यांना शाप देऊन निघून जाते. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे, भाऊ आणि पत्नी वाटेत पडल्यावर, युधिष्ठिराच्या मागे एक कुत्रा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो, कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही असा तिथला कायदा दाखवतो, आणि युधिष्ठिर रथात पाय ठेवण्याचे नाकारतो. युधिष्ठिराने त्या कुत्र्याला न्हाऊ घातले नाही, खाऊ घातले नाही, गोंजारले असेही व्यासांनी म्हटलेले नाही. त्याने एवढेच केले की, जो आपल्या भरवशावर मागे आला त्याला सोडले नाही. हौसेने आणलेले पिल्लू वाढले, म्हातारे झाले, घरभर केस पाडू लागले, म्हणून त्याला दूरच्या रस्त्यावर सोडून येणाऱ्या गृहस्थाने पूर्वी त्याच्यावर कितीही उंची साबण खर्च केलेले असोत, या पहिल्या पायरीवरच तो घसरलेला आहे.

पण न सोडणे ही पायरी पहिली आहे, शेवटची नव्हे. दुसरी पायरी नामदेवांच्या कथेत सापडते. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक लेकराने ऐकलेली आहे. आजचा पशुवैद्य या कथेवर हरकत घेईल, आणि ती हरकत रास्त आहे; स्निग्ध पदार्थांचा अतिरेक झाला तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि असे कुत्रे कधी कधी जिवानिशी जाते. याचप्रमाणे मनुके, द्राक्षे, कांदा, चॉकलेट या आपल्या जिभेला प्रिय वस्तू त्याला विष आहेत. मग नामदेव चुकले काय? मला वाटते, त्या कथेचे मर्म तुपात नसून धावण्यात आहे. चोराच्या मागे सारे जग काठी घेऊन धावते. नामदेव त्याच्या घशाचा विचार करीत धावले. दुसऱ्याच्या देहात शिरून त्याला काय रुचेल, काय टोचेल, याचा अदमास घेणे ही करुणा. आणि तो अदमास बरोबर आहे की नाही हे तपासून पाहणे हे ज्ञान. नामदेवांना आजचे ज्ञान मिळाले असते तर त्यांनी तुपाची वाटी खाली ठेवून पाण्याचे भांडे उचलले असते, पण धावले असते तितक्याच वेगाने. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या साईचरित्रातही याच जातीची एक गोष्ट आहे: शिरडीत दुपारच्या जेवणाच्या वेळी आलेल्या भुकेल्या कुत्र्याला तर्खडबाईंनी भाकरीचा तुकडा घातला, आणि सायंकाळी मशिदीत बाबांनी त्यांना सांगितले की, तू मला जेवू घातलेस, मी तृप्त झालो. बाईंना अर्थ उमगेना, कारण बाबांना तर त्यांनी काहीच वाढले नव्हते. बाईंनी तो तुकडा पुण्याच्या हिशेबाने घातला नव्हता. समोर भूक दिसली म्हणून घातला होता.

करुणेला ज्ञानाची जोड का हवी, हे मला त्या चिंचोळ्या गाळ्यातल्या एका पोरसवदा कारागिराने शिकवले. आमची चिंगी म्हणजे लोक जिला सरसकट पॉमेरियन म्हणतात अशी पांढरी, दाट केसांची स्पिट्झ. वैशाखातले दिवस होते, पोखरण रस्त्याचे डांबर पायाखाली तापत होते, आणि मी कनवाळूपणाच्या भरात त्याला म्हणालो, "उन्हाळा आहे रे, हिचे सगळे केस उतरवून टाक." त्याने यंत्राला हात लावला नाही. "काका, हिच्यावर मशीन नाही मारायचं," तो म्हणाला. "वरचे केस असतात ना, ते सावलीसारखं काम करतात. काढले तर ऊन थेट कातडीला लागतं, आणि परत येताना केस नीट येतीलच असं नाही. मी खालची लव नुसती विंचरून मोकळी करतो." मग त्याने सुटलेली लव कंगव्याने ओढून काढली तेव्हा एक उशी भरेल एवढा कापूस जमिनीवर साचला, आणि त्यातून चिंगीच्या अंगाला वारा लागला. मला उकडत होते म्हणून तिलाही केसांचेच ओझे होत असणार, हा माझा तर्क प्रेमळ होता आणि साफ चुकीचा होता. माणूस सर्वांगाने घामेजतो. कुत्र्याला घाम काय तो तळपायांना येतो, आणि उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवतो. त्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ आहे आणि तिची आम्लता आपल्याहून कमी आहे, म्हणून आपल्या डोक्याचा शाम्पू त्याला मानवत नाही. आठवड्याला घातलेली अंघोळ त्याच्या अंगचे तेल धुऊन नेते, आणि ज्याची खरी गरज आहे ते रोजचे विंचरणे मात्र राहून जाते. उपवनच्या तळ्याभोवती भर दुपारी कुत्र्याला फिरवणाऱ्याने आपल्या हाताची मागची बाजू क्षणभर रस्त्यावर टेकून पाहावी. जे आपल्या हाताला सोसवत नाही ते त्याच्या पायांनाही सोसवत नाही. या साऱ्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण माझ्या मते त्या धर्मचर्चेतल्याच आहेत, कारण त्या न जाणता केलेले प्रेम हे फिरून स्वतःवरचेच प्रेम ठरते.

आमच्या शेजारच्या एका धर्माने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. पारशांच्या वेंदिदादात कुत्र्याला निकृष्ट अन्न देणे हा दोष म्हणून नोंदलेला आहे, आणि तो दोष मेंढपाळाच्या कुत्र्याचा, घरराखणीच्या कुत्र्याचा असा दर्जावार मोजलेला आहे. दयेचा विषय त्यांनी असा थेट जबाबदारीच्या दफ्तरात घातला. १८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईत सरकारी हुकमाने कुत्री मारण्याची मोहीम चालली, तेव्हा पारशी मंडळींनी जो दंगा केला आणि दुकाने बंद पाडली, त्यामागे ही श्रद्धा होती. स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीतून प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आला. त्याच्या तिसऱ्या कलमातला कर्तव्याचा बोजा 'मालक' या शब्दावर टाकलेला नाही; प्राणी ज्याच्या निगराणीत किंवा ताब्यात असेल त्या प्रत्येकावर तो टाकलेला आहे. मला या शब्दयोजनेत मोठे तत्त्व दिसते. कुत्र्याच्या बाबतीत आपण मालक नसून वहिवाटदार आहो. आपल्या हाती त्याचे मुखत्यारपत्र आहे, आणि ते असे विलक्षण की त्यावर लिहून देणाऱ्याची सही नाही. सही नसलेल्या मुखत्यारपत्राचा अंमल करणाऱ्याने प्रत्येक कलम दोनदा वाचले पाहिजे.

सही नसली तरी त्याचा जबाब मात्र असतो, आणि तो वाचता येतो. एके रात्री मी घरीच चिंगीची नखे कापू गेलो, नखाच्या आतली जिवंत शीर तुटली, रक्त आले, आणि तेव्हापासून कात्री दिसताच ती पंजे पोटाखाली घेऊ लागली. त्याच कारागिराकडे नेले तेव्हा त्याने मला तिच्याकडे पाहावयास सांगितले. ती जांभई देत होती, पण तिला झोप आलेली नव्हती. ओठ चाटत होती, पण पुढ्यात खाणे नव्हते. मान वळवून डोळ्यांच्या कडेने पाहत होती, तेव्हा पांढऱ्याची एक कोर दिसत होती. "हे नको म्हणणं आहे, काका. आपण त्याला नखरे म्हणतो. आज दोनच नखं करू, बाकीची परवा." दोन नखांचे पैसे त्याने घेतले नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, प्राण्याचा प्रत्येक नकार मानावयाचा ठरवला तर रेबीजची लस कोण टोचू देईल आणि गोचीड कोण काढू देईल? आक्षेप खरा आहे. लस टोचलीच पाहिजे, गोचीड काढलीच पाहिजे, आणि त्यासाठी तिला घट्ट धरावेही लागेल. नकार ऐकणे आणि नकार मानणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मूल रडते म्हणून आई औषध टाळत नाही. पण रडणे तिच्या कानी पडलेले असते, आणि त्यापायी तिचा हात हलका होतो. लसीसाठी नकार मोडला तर तो तिच्याच जिवाच्या खाती मोडला. सुगंधाच्या फवाऱ्यासाठी मोडला तर तो माझ्या नाकाच्या खाती. सरमेने भर सत्रात जाब विचारला तेव्हा ते राजपुत्र गप्प राहिले, कारण पिल्लाला मारण्यात पिल्लाच्या बाजूचे एकही कारण त्यांना दाखवता येत नव्हते. तसा जाब उद्या मला कोणी विचारला, तर लसीबद्दल, विंचरण्याबद्दल, पट्ट्याबद्दलही माझ्यापाशी उत्तर आहे. रुमालाबद्दल नाही.

उपचार आणि सेवा यांतला भेद मला आता असा दिसतो की, उपचाराला समोरच्याच्या उत्तराची गरज नसते आणि सेवा त्या उत्तरावाचून सुरूच होत नाही. गुरुवारी आम्ही अजूनही त्या रिघेच्या उलट दिशेने जातो. गाळ्याच्या दारात चिंगी थबकते, मीही थबकतो. कधी ती आपण होऊन आत जाते. कधी जमिनीवर बसून घेते, मग आम्ही दोघे बाहेरच्या पायरीवर थोडा वेळ बसतो, तिचा पुढला पंजा मी हातात धरतो, आणि ती तो काढून घेते की ठेवते हे पाहतो. काल दहा-पंधरा मिनिटांनी तिने तो ठेवला. मग एक नख झाले, आणि रुमाल न बांधताच आम्ही घरी आलो.