माशाचे पितृत्व आणि आपले

प्राण्यांकडे बोट दाखवून माणसाला शिकवण देण्याची रीत फार जुनी आहे. नीतिसूत्रकाराने आळशाला मुंगीकडे पाठविले. आपणही मुलांना मधमाशीचा उद्योग आणि कुत्र्याचे इमान यांचे दाखले देतो. परंतु या रीतीत एक धोका आहे. ज्याला जे सिद्ध करावयाचे असते, त्याला तसा प्राणी हटकून सापडतो. “मुलांचे करणे हे आईचे काम, निसर्गानेच ते ठरवून दिले आहे,” असे म्हणणारे गृहस्थ आपल्या मंडळ्यांतही पुष्कळ आहेत. ते गायवासराकडे व कोंबडीच्या पिलांकडे बोट दाखवितात, आणि ऐकणारी बाई निरुत्तर होते. निसर्ग खरोखरच असे काही ठरवून देतो काय? आणि दिलेच, तर ते माणसाला बंधनकारक आहे काय? एका लहानशा माशाच्या साहाय्याने या प्रश्नाचा विचार करू या.

हा मासा म्हणजे पाइपफिश. आपण त्याला नळीमासा म्हणू. समुद्रघोड्याच्याच कुळातला हा जीव. अंग काडीसारखे बारीक व लांब, खवल्यांऐवजी हाडांची कडी, तोंड नळीसारखे आणि त्यात दात नाहीत. पाण्यातले सूक्ष्म जीव तो नळीने ओढून घ्यावे तसे गिळतो. या कुळातील काही जाती प्रवाळांत राहतात, तर काही खाड्यांच्या मचूळ पाण्यात.

गोव्याच्या उत्तरेकडील वाचकांना हे परके वाटू नये. पेडणे तालुक्याच्या एका अंगाला तेरेखोलची खाडी व दुसऱ्या अंगाला शापोरा नदी आहे. तेथील किनारा बहुतेक वाळूचा व खडकांचा आहे. प्रवाळ पाहावयाचे तर उत्तरेस मालवणला किंवा दक्षिणेस मुरगावजवळच्या ग्रांद बेटाकडे जावे लागते. डिचोलीला तर समुद्रच नाही. मात्र मांडवीच्या वाटेने भरतीचे पाणी त्या तालुक्याच्या कडेपर्यंत चढते. पश्चिम किनाऱ्यावरील अशाच खाड्यांत नळीमाशांच्या काही जाती आढळतात. जाळ्यात आला तरी हा मासा खाण्याच्या उपयोगाचा नाही, म्हणून त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. २००१ साली भारत सरकारने समुद्रघोडे व नळीमासे यांच्या साऱ्या कुळाला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घेतले.

या माशाची नवलाची गोष्ट अशी की, अंडी मादी घालते, पण ती वाहतो नर. मादी आपली अंडी नराच्या पोटाखाली किंवा शेपटीखाली सोपविते. तेथे काही जातींत ती नुसती चिकटून राहतात, तर काहींत कातडीच्या घडीत किंवा पिशवीत झाकली जातात. पिशवी असलेल्या जातींत बाप त्यांना प्राणवायू पुरवितो व पाण्याच्या खारटपणाचा बेत सांभाळतो. पोट फुगलेला जीव म्हणजे मादीच, असे लोकांनी शतकानुशतके गृहीत धरले होते. प्राणिशास्त्रज्ञांना नराचे हे काम नीट उमगले ते एकोणिसाव्या शतकात. डोळ्यांसमोर असूनही ते दिसले नाही, कारण काय दिसावयाचे हे मनाने आधीच ठरविले होते.

प्रवाळात राहणाऱ्या कोरिथॉयक्थिस हीमॅटॉप्टेरस या जातीचा जपानी संशोधकांनी समुद्रात उतरून अभ्यास केला. २००१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांप्रमाणे या जातीत नर व मादी जोडीने राहतात आणि दररोज एकमेकांना भेटून जणू अभिवादन करतात. प्रणयात पुढाकार घेते ती बहुधा मादी.

तेव्हा पहिला निष्कर्ष सरळ आहे. “निसर्गाने संगोपन मादीकडेच दिले आहे,” हे विधान खरे नाही. निसर्गात गाय आहे, तसा नळीमासाही आहे.

येथेच थांबून या माशाला आदर्श पिता ठरवावे, असा मोह होतो. पण तसे केले तर आपणही त्या गृहस्थासारखेच सोयीचा प्राणी निवडणारे ठरू. याच कुळाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१० साली मेक्सिकोच्या आखातातील नळीमाशावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, मोठी मादी नराला अधिक पसंत असते, आणि नापसंत मादीची अंडी वाहताना त्यांतली कमी पिले जगतात. त्याच सुमारास स्वीडनच्या संशोधकांनी युरोपातील एका जातीत दाखविले की, पिशवीतल्या गर्भांतील पोषक द्रव्ये बापाच्या शरीरात उतरतात. म्हणजे काही अंडी त्याच्या पोषणालाही लागतात. आणि पिले एकदा बाहेर पडली की बापाचा व त्यांचा संबंध संपतो.

आता सांगा, या माशाकडून आपण काय घ्यावे? वाहणे घ्यावे आणि नावडत्याला टाकणे सोडून द्यावे, असे म्हटले, तर निवड आपण करीत आहो, मासा नव्हे. चांगले कोणते व वाईट कोणते, हे माशाकडे जाण्यापूर्वीच आपल्याला ठाऊक होते. नीतिसूत्रांतील मुंगीचेही तसेच आहे. कष्ट केले पाहिजेत, हे आळशाला मुंगी पाहून प्रथमच कळते असे नाही. ते त्याला ठाऊकच असते. मुंगी त्याला फक्त लाजविते. ईयोबाच्या ग्रंथातही पशुपक्ष्यांना व समुद्रातील माशांना विचारण्यास सांगितले आहे. पण ते जे सांगतात ते एवढेच की, हे सर्व प्रभूच्या हातचे आहे. तुम्ही घरात कसे वागावे, याचा नियम ते सांगत नाहीत.

तर मग प्राण्यांकडे पाहावयाचेच कशाला? याचे उत्तर असे की, प्राणी आपल्याला कर्तव्य नेमून देत नसला, तरी कर्तव्य टाळण्याची एक वाट तो बंद करतो. नळीमासा पाहिल्यावर कोणत्याही बापाला “निसर्गानेच मला मोकळे ठेवले” असे म्हणता येणार नाही. मोकळे राहण्याची त्याची इच्छा असेल, तर ती इच्छा म्हणून त्याने कबूल करावी. सृष्टीच्या माथी मारू नये.

हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही. गोव्यातील व कोकणातील कितीतरी घरांतले पुरुष जहाजावर किंवा आखाती देशांत कामाला असतात. घर आईच्या एकटीच्या खांद्यावर असते. पोटासाठी दूर जाणे यात दोष नाही. तोही भार वाहण्याचाच प्रकार आहे. दोष तेव्हा येतो, जेव्हा पैसे पाठविले म्हणजे पितृत्व पुरे झाले असे मानले जाते, आणि घरी असलेला बापही रडणारे मूल आईकडे देऊन वर्तमानपत्र उघडतो. कायद्याचीही दृष्टी अजून तशीच आहे. २०१७ साली बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे योग्यच झाले; पण केंद्र सरकारच्या नोकरीतील बापाला मिळते ती रजा १५ दिवसांची.

मासा जे करतो ते त्याच्याकडून घडते. त्याची स्तुती करण्यात अर्थ नाही आणि त्याला दोष देण्यातही नाही. माणूस वचन देतो, म्हणून त्याला जबाब द्यावा लागतो. नळीमाशाचे काम पिलू बाहेर पडले की संपते. आपले तेथे सुरू होते. नावडते, दुबळे, आजारी मूलही आपलेच म्हणून सांभाळणे, हे कोणत्याही माशाने आपल्याला शिकविलेले नाही. ते आपण एकमेकांना शिकवावयाचे आहे, आणि मुलगे ते शिकतात ते आपल्या बापाकडे पाहूनच.