हाताची स्मृती

शिंपल्यात चांदी दिसते तेव्हा नेमके काय चुकते, या एका प्रश्नावर भारतीय दार्शनिकांनी शतकानुशतके वाद घातला. त्यांत प्रभाकर मीमांसकांचे उत्तर मला सर्वांत दयाळू वाटत आले आहे. खोटे असे ज्ञान नसतेच, असे ते म्हणतात. समोरचे दर्शन आणि मनातली स्मृती दोन्ही आपापल्या जागी खरीच असतात, त्यांच्यातला भेद तेवढा त्या क्षणी निसटतो. नैयायिकांना हे पटले नाही, आणि तर्कात बहुधा त्यांचीच बाजू बळकट असेल; पण संगणकापुढे बसलेल्या माणसाच्या चुका पाहताना मला प्रभाकरच आठवतो.

विशेषतः मार्च 1986 मधली, टेक्सासमधील टायलर गावच्या कर्करोग केंद्रातली ती चूक. थेराक-25 नावाचे किरणोपचारयंत्र, बाहेरच्या खोलीत त्याचा कळफलक, आणि त्यावर सरावाने वेगवान झालेली एका तंत्रज्ञ स्त्रीची बोटे. तिच्याकडे बहुतेक रुग्ण क्ष-किरणांचे येत, म्हणून बोटांना ‘एक्स’ची सवय होती, त्या दिवशीच्या रुग्णाला इलेक्ट्रॉनांचा झोत हवा होता, म्हणजे ‘ई’. कागदावरचे डोळ्यांनी वाचले, बोटांनी मात्र रोजचेच लिहिले. चूक लगेच ध्यानात आली, वरच्या बाणाची कळ दाबत ती मागे गेली, एक अक्षर बदलले आणि उरलेले रकाने भराभर ओलांडून पुढे आली. इतकी सफाईदार दुरुस्ती कुणी कौतुकाने पाहत राहावी. परंतु आतल्या चुंबकांची जुळणी व्हायला सुमारे 8 सेकंद लागत, आणि तेवढ्या अवधीत केलेला बदल पडद्यावर दिसे, यंत्राच्या सगळ्या भागांपर्यंत मात्र पोहोचत नसे. चुकणारा हात आणि सावरणारा हात एकच होता, आणि घात केला तो सावरण्याच्या चपळाईने.

पडद्यावर अक्षरे उमटली: ‘मालफंक्शन 54’. यंत्रासोबतच्या कागदावर त्याचा खुलासा ‘डोस इनपुट 2’ एवढाच. मागितलेल्या 202 एककांपैकी फक्त 6 दिली गेली, असे पडदा सांगत होता. वस्तुतः भयंकर मात्रा रुग्णाच्या देहात उतरली होती. असे क्रमांक त्या यंत्रावर सतत येत आणि ‘पी’ दाबले की काम पुढे सरके, म्हणून तिने ‘पी’ दाबले. आत रुग्ण वेदनेने उठू पाहत होता. नेमका त्या दिवशी कॅमेरा आणि ध्वनियंत्र दोन्ही बंद होते. काही महिन्यांनी तो गेला.

ज्या संदेशाचा अर्थ फक्त लिहिणाऱ्यालाच कळतो, तो संदेश यंत्राचे स्वगत असते, आणि स्वगताला आपण किती लवकर सरावतो! किराणा दुकानात पैसे खात्यातून गेलेले असतात, दुकानदाराच्या फोनवर आलेले नसतात, मधल्या त्या अधांतरात दोघेही ‘सर्व्हर डाऊन असेल’ म्हणून दैवाधीन होतात; आणि मागे उभ्या असलेल्या आजोबांच्या फोनवर तेच घडले, तर ते ओशाळून म्हणतात, ‘माझ्याकडूनच काहीतरी भलतं दाबलं गेलं असेल.’ माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराचे अभ्यासक माणसाला शेजारी बसवून, काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगतात. त्यांच्या कानांवर हा ओशाळलेपणा सर्वाधिक पडत असावा. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी 1981 मध्ये हातून घडणाऱ्या अशा घसरणींची वर्गवारी मांडली, तेव्हा हेतू बरोबर असूनही कृती वाकडी जाते हे त्यांनी नीट दाखवले. प्रभाकराला ते फारसे नवे वाटले नसते.

टायलरमध्ये तीन आठवड्यांनी त्याच खोलीत तेच पुन्हा घडले. मग केंद्रातला भौतिकतज्ज्ञ त्या तंत्रज्ञ स्त्रीजवळ बसला. तिला काय काय आठवते ते विचारत, त्या कळा त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा दाबत, दोघांनी तो 54 क्रमांक हवा तेव्हा आणून दाखवला. मला हा प्रसंग सगळ्या संशोधनाचा गाभा वाटतो. उत्पादक कंपनीच्या अभियंत्याला तो संदेश आधी काही केल्या मिळेना, कारण तो सावकाश टंकत होता. दोष आज्ञावलीत होता हे खरे, पण तो प्रकट होई केवळ तिच्या लयीत. ती लय कोणत्याही नोंदवहीत नव्हती, आणि त्या स्त्रीला आरोपी ठरवून विचारणाऱ्याला ती कधीच सापडली नसती.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कंपनीने ग्राहकांना पत्र पाठवले. वर जाणाऱ्या बाणाची कळ यापुढे वापरू नये. तिची टोपी काढून टाकावी आणि आतले संपर्क विद्युतरोधक पट्टी लावून उघडे ठेवावेत. पत्रात दोष काय, धोका कोणता, याचा उल्लेख नव्हता, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यावरून कंपनीला सुनावलेही. तोवर मात्र जगातल्या त्या मोजक्या यंत्रांपुढे बसलेल्या माणसांना एवढेच कळले होते की मागे जायचे नाही. एक अक्षर चुकले, तरी सारा तक्ता पहिल्यापासून भरायचा.