निवृत्ती आणि सहवास

अमेरिकेत ६५व्या वर्षी मेडिकेअर सुरू होते आणि निवृत्तीचे वेध लागतात. पैशांचा हिशोब आपण मंडळी चोख करतो. पण मोकळ्या वेळाचे काय? नवरा निवृत्त होतो, बायकोचे स्वयंपाकघर मात्र चालूच राहते. मग दिवसभर एका घरात असणे म्हणजे सहवास का, असा प्रश्न मला पडतो.

बृहदारण्यक उपनिषदात गृहस्थाश्रम सोडताना याज्ञवल्क्य मैत्रेयीला संपत्तीचा वाटा देऊ करतात. तिला धन नको असते. त्यांना उमगलेले सत्य हवे असते.

मला वाटते, उतारवयात जोडीदाराला द्यायचे ते हेच: आपल्या मनातले. त्यासाठी आधी घरकामाचा निम्मा भार उचलावा, तिची भजनाची दुपार तिचीच राहू द्यावी. मग संध्याकाळच्या चहाला दोघेही खरोखर मोकळे असतात.