फुटकी पोळी

जितकी हरभराडाळ तितका कोल्हापुरी गूळ, एवढं सोपं गणित. पण पुरण नीट आटलं नाही की पोळी फुटते म्हणजे फुटतेच. होळीला अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दारी आले : होळी लहान करा, पोळी दान करा. मला लगेच पटलं. मी डब्यातली फुटकी पोळी उचलली.

सौ. म्हणाली, "अहो, आगीत टाकायला अखंड, आणि माणसाला फुटकी?"

बँकेत फाटकी नोट हातावर ठेवली, तर गिऱ्हाईक ती कौंटरवर परत आदळतं. भुकेला माणूस पोळी परत करत नाही, एवढाच आमच्या उदारपणाला आधार!

शेवटी अखंड दिली. फुटकी कटाच्या आमटीत बुडवून मीच खाल्ली. चव तीच होती. मग माझा हात अखंड पोळीपाशी का अडखळला होता?